मामांच्या हातचा नियम

मुंबई शहरात नियम मोडणारे पुष्कळ झाले, पाळणारेही थोडेफार झाले असतील. पण नियमावर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस इथे एकच होऊन गेला आणि तो माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा होता, हे मी भोईवाड्याच्या कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायला तयार आहे. लोक देवळापाशी आले की हात जोडतात, मामा पाटी वाचायचे. लग्न होऊन मी गिरगावात आले त्याच आठवड्यात ते आम्हा दोघांना देवदर्शनाला घेऊन गेले. देवळाबाहेर 'चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात' अशी पाटी होती. मामा छत्री टेकून तिच्यासमोर उभे राहिले. आम्ही दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातल्या, प्रसाद खाल्ला, परत आलो, तरी ते तिथेच. मला म्हणाले, "सूनबाई, जबाबदारी कोणाची ते यांनी लिहिलंय, पण चपला कोणाच्या ते लिहिलेलंच नाही. या वाक्याप्रमाणे मी माझ्या जबाबदारीवर कोणाच्याही चपला कुठेही ठेवू शकतो." पुजाऱ्याला दुरुस्ती सुचवून ते तसेच घरी आले. देवाला भेटायचं राहून गेलं, याची त्यांना रुखरुख नव्हती. देव कुठे जात नाही, पाटी मात्र रोज चार लोकांना फसवते, असं त्यांचं म्हणणं.

मामा विधुर होते, मूलबाळ नव्हतं, आणि शाळांची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडेच राहत. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात छत्री आणि वरच्या खिशात एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. निळ्या टोकाने पसंती, तांबड्याने दुरुस्ती. निळं टोक कधी झिजल्याचं मला आठवत नाही. आमच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा त्यांनी 'सहकुटुंब सहपरिवार' या शब्दांना तांबडी खूण करून ती माझ्या वडिलांकडे परत पाठवली होती. कुटुंब आणि परिवार यांत फरक काय, आणि ज्याला दोन्ही नाहीत त्याने यायचं की नाही, असा प्रश्न समासात लिहिला होता. विधुर माणसाने विचारलेला तो प्रश्न माझ्या वडिलांनी फार मनावर घेतला. त्यांनी सगळ्या पत्रिकांवर हाताने 'आपण स्वतः यावे' एवढं लिहिलं. आमच्या लग्नाला त्यामुळे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त माणसं आली आणि जिलबी कमी पडली.

चाळीच्या नळाचे नियमही मामांच्याच हातचे. मूळ नियम दीड ओळीचा होता आणि अपवाद दोन पानांचे. बाळंतीण, आजारी, रात्रपाळीवाले, परीक्षेला बसलेले, आणि 'ज्यांच्याकडे अचानक पाहुणे आले आहेत असे भाडेकरू, पाहुणे दाखवल्यास'. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पाहुणा म्हणून स्वतःचाच दीर दाखवला, तर मामांनी त्याच संध्याकाळी 'पाहुणे' या शब्दाची व्याख्या जोडली. ते नेहमी म्हणायचे, "ज्या नियमात अपवाद लिहिलेला नाही तो नियम नव्हे, तो नुसता राग."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या गल्लीत सकाळी प्रभातफेरी, दुपारी बैठक आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा असा रतीब चालू होता. मामांना राजकारणाचं वावडं, तरी एका मोर्चात ते छत्री घेऊन शेवटपर्यंत चालले. माझ्या नवऱ्याने आश्चर्याने विचारलं, "मामा, तुम्ही कसे काय?" तर म्हणाले, "'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' वाक्य तपासून पाहिलं. 'च' बरोबर जागेवर आहे. 'मुंबईसह' आधी आलंय, म्हणजे पुढे कोणाला पळवाट नाही. इतक्या स्वच्छ वाक्यामागे चालायला माझी हरकत नाही."

एका बाबतीत मात्र ते अगदी कठोर होते. निवृत्त झाले तरी कचेरीत त्यांचा शब्द चाले, म्हणून लोक चिठ्ठी मागायला यायचे. पोराला अमक्या शाळेत घ्या, तमक्याची बदली करा. मामा सगळ्यांना चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवायचे. शेजारीपाजारी त्यांना दगड म्हणत. मीसुद्धा एकदा म्हटलं, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

मी तेव्हा डिलाईल रोडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. गिरणीत काम करणाऱ्यांची मुलं. वर्गात सुगंधा नावाची एक मुलगी होती, एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवणारी. वडील बाळाराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि पोरगी शिकली पाहिजे हे त्या घरात जेवणाइतकंच ठरलेलं होतं. पण तिची आई बाळंत झाली, मागोमाग तापाने अंथरुणाला खिळली, आणि तान्हं पोर सुगंधाच्या कडेवर आलं. त्यातच हरताळ आणि संचारबंदी. शाळा उघडी, पण रस्त्यावर पोलीस. कोण आई पोराला बाहेर सोडील? सुगंधा तीन आठवड्यांनी परत आली, आपल्या जागेवर बसली, पाटी काढली. मी हजेरी घेतली. ती उभी राहिली.

"बाई, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही गं," मी म्हटलं. "कमी झालंय."

"पण मी आले ना."

नियम असा होता की सलग पंधरा दिवस मूल आलं नाही, तर पटावरून नाव कमी, मग कारण काहीही असो. पुन्हा यायचं तर जूनमध्ये, जन्माचा दाखला घेऊन. तिचा जन्म गावाकडचा, दाखला कुठून आणणार? मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियमाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत सुगंधा पाटी काखेत मारून घरी गेली. जाताना तिने बाकावरची आपली जागा हाताने पुसली, ते मला आजही दिसतं.

घरी येऊन मी मामांना म्हटलं, "एक चिठ्ठी द्या. कचेरीतले साहेब तुमच्या हाताखाली शिकलेत. एवढ्या एका मुलीसाठी."

"एकीसाठी नाही," मामा म्हणाले.

"का?"

"चिठ्ठीने एक पोर आत जातं, सूनबाई, आणि बाहेर किती उभी आहेत ते बघायची आपल्याला गरज वाटत नाही. तुला बरं वाटेल, मला बरं वाटेल, नियम होता तिथेच राहील."

"तुम्ही दगड आहात," मी म्हटलं. मामेसासऱ्यांना असं बोलायची ती पहिली आणि शेवटची वेळ. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. वाढताना आमटी हवी का, एवढंसुद्धा विचारलं नाही. ते आपले भात कोरडाच जेवून उठायचे.

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात छत्री दिसली. मामा आत आले, मुलांनी उभं राहून नमस्ते म्हटलं, त्यांनी टोपी काढून सगळ्यांना उलट नमस्कार केला आणि चौथीच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेऊन त्यांनी पट पाहिला. माझ्या वर्गाचा, मग तिसरीचा, मग मागच्या वर्षांचे. नावांवरून तांबड्या रेघा गेल्या होत्या. मामा एकेका रेघेवर बोट ठेवून विचारत होते, "ही का गेली? हा का गेला?" मला चारदोन कारणं माहीत होती, बाकीची नव्हती.

"कारणाचा रकाना कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पटाला कारणाचा रकानाच नाही, मामा."

त्यांनी पट पुन्हा पहिल्या पानापासून उघडला. मग सगळी नावं फुलस्केपवर उतरवून घेतली आणि म्हणाले, "रविवारी मला या सगळ्यांच्या घरी घेऊन चल."

रविवारी आम्ही डिलाईल रोडच्या चाळींत शिरलो. चळवळीच्या त्या दिवसांत काळी टोपी घातलेला अनोळखी माणूस चाळीत नावांचा कागद घेऊन फिरू लागला तर काय होणार, हे मामांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. नळावरच्या बायकांनी आम्हाला घेरलं. त्यांतली एक मालवणी बाय कळशी कमरेवरून खाली न ठेवताच म्हणाली, "हो कोण मेलो नावां लिवन घेता? पोलिसांचो मानूस आसतलो."

मामा गंभीरपणे म्हणाले, "बाई, मी पेन्शनर आहे."

"पोलिसांकय पेन्शन गावता," ती म्हणाली.

मामांनी मान डोलावली, कारण मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात सुगंधा आली, कडेवर भाऊ. तिने मला ओळखलं म्हणून आम्ही सुटलो. तिच्या घरी आम्हाला बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला कागदी फुलांची माळ. आई भिंतीला टेकून बसली होती, अजून अशक्त. बाळाराम दारात उभे राहिले आणि त्यांच्यामागे निम्मी चाळ.

"साहेब," बाळाराम म्हणाले, "मास्तरीणबाई आमच्या ओळखीच्या. तुमी कोन? कुनी धाडलंय तुमाला?"

"कोणी धाडलेलं नाही," मामा म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पंधरा दिवसांनी नाव कमी करायचा तो नियम आहे ना, तो मी लिहिलाय."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मला हे माहीत नव्हतं.

मामा खालच्या आवाजात सांगू लागले. फार वर्षांपूर्वी काही शाळांतून खोटी नावं पटावर ठेवायची सवय लागली होती. वर्ग भरलेला दिसावा म्हणून न येणारी, कधी न जन्मलेलीसुद्धा मुलं. ती काढायला साहेबांनी नियम मागितला. मामांनी एका दुपारी लिहून दिला. साहेबांनी शाबासकी दिली. "खोटी नावं काढायला लिहिला होता," मामा म्हणाले. "त्यात खरी पोरं निघून जात होती, आणि मी कचेरीत बसून पट स्वच्छ झाले म्हणून खूश होतो. माझ्या आयुष्यात बिनअपवादाचा नियम मी एकच लिहिला. तो हा."

सुगंधाच्या आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग आता?" तिने विचारलं.

"आता दुसरा लिहायचा. पण या खेपेला एकट्याने नाही."

आणि तिथे, त्या खोलीत, मामांनी खिशातून पेन्सिल काढली. मी त्यांना असंख्य कागद लिहिताना पाहिलं होतं, पण असा कधी नाही. एक वाक्य लिहायचे, मोठ्याने वाचायचे, आणि बायकांच्या तोंडाकडे बघायचे. पहिलं वाक्य होतं, 'पालकाने लेखी अर्ज दिल्यास नाव कमी करू नये.'

"आनि अर्ज कोन लिवनार?" सुगंधाची आई म्हणाली. "मला येत न्हाई. ह्यांची पाळी सुटते तवा शाळा बंद."

मामांनी 'लेखी' खोडलं. तोंडी सांगितलं तरी चालेल, लिहून घ्यायचं काम शिक्षकाचं, असं केलं. मालवणी बाय आता कळशी खाली ठेवून उंबऱ्यात बसली होती. "आमी लावणीक गावाक गेलो, पोरां वांगडा नेली, मगे?" मामांनी लिहिलं, भातलावणीसाठी आईबापांबरोबर गावी गेलेलं मूल वर्षात केव्हाही परतलं तरी त्याच दिवशी त्याची जागा त्याला मिळेल. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाईंनी घरी येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. तेही गेलं कागदावर: घरी जाऊन कारण विचारल्याशिवाय नाव कमी करू नये. शेवटी जन्माच्या दाखल्याचं आलं. मामा पेन्सिल गालाला लावून विचार करत बसले. मग त्यांनी जे वाक्य लिहिलं ते मला अजून पाठ आहे: 'मूल दारात आले की आधी वर्गात बसवावे, कागद मागाहून पाहावेत.'

"हां," मालवणी बाय म्हणाली. "ह्यां बरां दिसता."

मामांना एवढी पसंती कुठल्याही साहेबाने दिली नसेल. तिथून उठून आम्ही संध्याकाळपर्यंत निम्मी यादी फिरलो.

पुढचे काही महिने मामा कामावर असताना जात नसतील इतक्या नेमाने कचेरीत जात होते. आधी शिपायाला नमस्कार, मग साहेबाला. साहेब बदलतात, शिपाई राहतो, हे त्यांचं शास्त्र होतं आणि ते खरं ठरलं. त्यांचा कागद तीन टेबलांवर हरवला आणि तिन्ही वेळा शिपायाने शोधून दिला. निवडणुका झाल्या, चळवळीतली माणसं सभागृहात आली, नवी शाळा समिती बसली. मामांना बोलावणं आलं. ते सुगंधाच्या आईला आणि मला सोबत घेऊन गेले. बाळारामांनी त्या दिवशी खाडा केला आणि पोराला सांभाळलं.

समितीसमोर कचेरीतले साहेब, मामांचे जुने चेले, एक पिवळी पडलेली फाईल घेऊन उभे राहिले. "हा नियम कोणी केला ते समितीला ठाऊक असावं," ते म्हणाले आणि त्यांनी मामांच्या हातचा कागद दाखवला.

"अक्षर माझंच," मामा म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा असता तर चुकीचा आहे असं मी इतक्या खात्रीने म्हटलं नसतं. माझा आहे, म्हणून मला माहीत आहे की मी तो लिहिताना एकाही आईला विचारलं नव्हतं. या बाईंना विचारा."

सुगंधाची आई पदर सावरून उभी राहिली. "माझी पोर तीन हप्ते न्हाई आली," ती म्हणाली. "मी मरनाच्या दारात होते, तिनं घर राखलं. ती परत आली तवा तुमी तिला सांगितलं, तू न्हाईस. ती होती की, साहेब. तुमी बगायला आला न्हाई."

कोणीतरी विचारलं, शिक्षक घरोघर फिरणार कसे? मी उठून सांगितलं की आम्ही एका रविवारी निम्मी यादी फिरलो, पाय दुखले, पण चार घरी चहा मिळाला. समिती हसली. मला वाटतं, तिथेच ठराव झाला.

नियम पास झाला. आधी डिलाईल रोड, परळ, लालबागच्या शाळांपुरता, पुढच्या जूनपासून सगळीकडे. मामांनी लिहिलेल्या वाक्यांत समितीने दोन शब्द बदलले आणि मामांनी तक्रार केली नाही, यावरून त्यांचा आनंद समजावा. सुगंधाला मात्र जूनची वाट पाहावी लागली नाही. ठराव झाल्याच्या दुसऱ्या सकाळी ती आली. मी हजेरी घेतली, तिने 'हजर' म्हटलं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली. ती पुढे नर्स झाली. धाकटा भाऊ तिच्याच शाळेत शिकला.

यादीतली बरीच मुलं परत आली. सगळी नाही. शालन नावाच्या एका मुलीचं नाव दोन वर्षांपूर्वी कमी झालं होतं आणि घरच्यांनी तिला गावी पाठवलं होतं. मामांनी तिच्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं, नियमाची नक्कल जोडली. उत्तराला एक कार्ड आलं: 'मुलगी सासरी आहे, खुशाल आहे.' मामांनी ते कार्ड दोनदा वाचलं. त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. त्या दिवशी ते संध्याकाळी फिरायला गेले नाहीत.

महाराष्ट्र राज्य झालं, गिरगावात घरोघर दिवे लागले, आमच्या चाळीत पेढे वाटले. मामा त्यानंतर काही वर्षं होते. शेवटी शेवटी दिसायचं कमी झालं, वाचन सुटलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी शाळेतून आले की हातपाय धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकदा मी फार दमून आले होते. म्हटलं, "मामा, आता हद्द झाली. एकेका बाकावर चार चार मुलं. पाय ठेवायला जागा नाही. एक गप्प बसलं तर दुसरं बोलतं."

ते माझ्याकडे वळले. "फार गोंगाट असतो का गं?"

"फार."

"सांग ना, कसा असतो?"

मग मी त्यांना सांगत बसले. पाढे म्हणताना मागची रांग कशी पुढे धावते आणि पुढची कशी अडखळते, खडू कोण चोरतं, कोणाची पेन्सिल कोणाच्या खिशात सापडते, सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना सगळा वर्ग कसा एकदम सभ्य होतो. मामा डोळे मिटून ऐकत होते, ओठांच्या कोपऱ्यात हसत होते. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. ते मला कळलं, तरी मी आणखी थोडा वेळ सांगत राहिले.